उतार सपाट केला ते साल

पर्पिन्याँजवळ, द्राक्षांच्या मळ्यातून
५ सप्टेंबर १९९३

प्रिय ग्लेनिस,

तुझं पत्र तीन ठिकाणं फिरून माझ्यापर्यंत आलं. आधी जर्दाळूच्या बागेत गेलं, तिथून मी निघून गेलो होतो. मग बंदरावरच्या खाणावळीत, तिथंही मी चारच आठवडे टिकलो. शेवटी आठ दिवसांपूर्वी दुपारी इथली टपालवाली बाई सायकल अंजिराच्या झाडाला टेकवून वेलींच्या रांगांतून हाका मारत आली, "इंग्रज कुठाय? इंग्रजाला पत्र आलंय!" माझे हात द्राक्षांच्या रसानं चिकट होते, त्यामुळे पाकिटावर पाचही बोटांचे ठसे उमटलेत. अडीच वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. रांगेत उभ्यानंच वाचलं, घडी करून शर्टात ठेवलं आणि परत घड कापायला लागलो, तर दुसऱ्याच मिनिटाला कात्रीनं बोट कापलं. म्हणून हे अक्षर असं आहे. एरवीही फार बरं नसतं म्हणा. शाळेतल्या बाईंनी माझ्या वहीला "कोंबडीचं अंगण" म्हटलेलं तुला आठवत असेल.

दीड पानात तू सगळं सांगितलंस. आपल्या स्कारक्लफचा रग्बी क्लब जूनमध्ये बंद झाला. शंभर वर्षांत दोन महायुद्धं सोसली आणि एका साध्या ठरावानं संपला. आता गावातली पोरं खाणकामगारांच्या जुन्या मैदानावर नवा हौशी संघ उभा करतायत, अगदी तळापासून. त्यांना मैदान सांभाळायला तुझे वडील हवेत. आणि ते नाही म्हणाले. म्हणाले, "एक मैदान बुडवलं, तेवढं पुरे." वीस तारखेला बैठक आहे, तोवर त्यांचा होकार आला नाही तर दुसरा माणूस बघणार. शेवटी तू एकच ओळ लिहिलीस: तू तेव्हा तिथं कामाला होतास, तुला काय आठवतं? ही ओळ मी इतक्या वेळा वाचली की तिचे शब्द सुटे होऊन डोळ्यांपुढे तरंगायला लागले. सांगतो. पण मला सरळ सांगता येत नाही, तुला ठाऊक आहे. दुकानात साखर आणायला जाऊन मांजर घेऊन येणारा माणूस मी.

इथल्या मळ्याचे मालक आन्सेल्म, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तरुणपणी आपल्यासारखेच तेरा जणांची रग्बी खेळायचे. तेव्हाचे धक्के खाऊन त्यांच्या कानांचं अजून फ्लॉवर झालेलं आहे. दुपारी सगळे झाडाखाली भाकरतुकडा खायला बसले की ते माझ्याकडे वळतात आणि रोज तेच विचारतात, "मग? तुमचा क्लब का बुडाला?" आणि मी रोज नवं कारण देतो. सोमवारी म्हटलं, गिरण्या बंद पडल्या, खाण बंद पडली, माणसांच्या अंगातली रगच गेली. मंगळवारी म्हटलं, मोठे क्लब आमची चांगली पोरं मिसरूड फुटायच्या आत उचलून न्यायचे. बुधवारी आमच्या अध्यक्षांवर घसरलो: ब्रॉडबेंटसाहेब, गालिच्यांचे व्यापारी, ज्यांना खेळापेक्षा काचेच्या भिंतीआड बसून खेळ बघायची हौस जास्त. गुरुवारी टीव्हीला शिव्या घातल्या. म्हातारा प्रत्येक वेळी चीजचा तुकडा सुरीवर घेऊन मान हलवतो आणि म्हणतो, "हं. हे तर सगळीकडेच झालं. आमच्याकडेही झालं. पण आमचा क्लब आहे अजून. तुमचं काय झालं ते सांग की." शुक्रवारी माझ्याकडे कारणच उरलं नाही. अंजिराच्या पानांतून ऊन खाली पडत होतं, आणि मला एकदम आपलं रिग लेनचं मैदान दिसलं. दिसलं म्हणजे स्वप्नात दिसतं तसं, तिरकं.

ग्लेनिस, इथं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही की ते मैदान तिरकं होतं. चॅपलकडच्या वरच्या कोपऱ्यापासून ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत चांगलं दोन पुरुष उतार. डिसेंबरातल्या धुक्यात वरून बघितलं की खालची अर्धी माणसं दिसायचीच नाहीत. चेंडू धुक्यात जायचा, मग नुसता आरडाओरडा वर यायचा, आणि त्यावरून आपण ओळखायचो की टाकला ट्राय, मिळाले गुण. चेंडू जमिनीवर ठेवला की तो जरा विचार करायचा आणि मग आपल्या मनानं ओढ्याकडे निघायचा. आपली पोरं त्या उतारावर चालायला शिकलेली. नाणेफेक जिंकली की कप्तानानं पहिल्या डावाला चढच मागायचा, मग दुसऱ्या डावात दमलेल्या पाहुण्यांवर वरून कोसळायचं. "आधी चढ" हे तर गावात लग्नातही म्हणायचे आणि मयतीलाही. माझ्या आजोबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं दारातूनच ओरडून सांगितलं, "आधी चढ हं, फ्रेड!" आणि ते हसले होते. ते सात वर्षं जगले त्यानंतर. बघ, परत कुठं गेलो.

तर मिलगार्थची माणसं. पाच मैलांवर राहून त्यांना आपलं एवढं का खुपायचं कोण जाणे, आणि आपल्याला त्यांचं. मैदान सपाट केलं त्या वर्षी चषकाच्या सामन्यात आपण त्यांना दुसऱ्या डावात धुऊन काढलं, आणि त्यांची ती भाजीवाली बाई गेटवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमची पोरं खेळत नाहीत गं बाई, घरंगळतात!" आपल्याकडून कुणीतरी म्हणालंही, "आणि तुमची सपाटीवर झोपतात!" पण ते काही लागलं नाही. तिचं लागलं. टीव्हीवरच्या समालोचकानंही काहीतरी थट्टा केली, संघाला दोरी बांधून खाली सोडतात वगैरे. त्यानंतर जो तो बारमध्ये, न्हाव्याकडे, चिप्सच्या रांगेत तेच बोलायला लागला: एकदा दाखवूनच देऊ, सपाटीवरही हरवतो म्हणावं. दुसऱ्या कुठल्या गावानं असं केलं असतं? टोमण्याला उत्तर म्हणून स्वतःचा डोंगर कापायचा! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कामगार क्लबातली ती बैठक तुला आठवते? ब्रॉडबेंटसाहेबांनी फळ्यावर सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "हे उद्याचं रिग लेन." टाळ्या. मग तुझे वडील उभे राहिले. एकतीस वर्षं ते मैदान त्यांनी तळहातावर जपलेलं, पण चार माणसांत बोलायची सवय नाही. टोपी हातात फिरवत एवढंच म्हणाले, "पाणी कुठं जाईल?" मागून कुणीतरी ओरडलं, "मिलगार्थला पाठवू, वॉल्टर!" आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसलो. "उताराच्या बाजूनं कोण?" विचारलं तेव्हा एकच हात वर गेला, त्यांचा. तू माझ्याकडे बघितलंस. माझा हात माझ्या मांडीवर होता. एका मिनिटानं दुसऱ्या बाजूचे हात मोजले, तेव्हा तो वर होता.

त्या उन्हाळ्यात मी कंत्राटदाराकडे जेसीबीवर होतो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब टिकलेली नोकरी, अकरा आठवडे. वरची माती कापून खाली भर घालायची. काय उन्हाळा होता तो! वर माळावरून चंडोल ऐकू यायचे, धुळीचा वास यायचा, आणि रोज संध्याकाळी मैदान थोडं थोडं आडवं होत जायचं, कुणी झोपी जावं तसं. तुझे वडील रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन गेटजवळच्या तुमच्या घरातून बाहेर यायचे, काम बघत उभे राहायचे, आणि जाताना मला अर्धा कप ओतून द्यायचे. विरोध केला होता म्हणून रुसून बसले नाहीत. उलट मैदानाखाली जुन्या मातीच्या नळाची ओळ कुठून कुठं जाते, सगळं पाणी ओढ्यापर्यंत कसं पोचतं, ते पायांनी चालून दाखवलं. कागदावर नकाशा नव्हताच. जो होता तो त्यांच्या पायांत.

पुढचं तुला माहीत आहे, पण लिहितो, कारण आन्सेल्मना ते मी कधी सांगितलंच नाही. सप्टेंबरात मैदान असं दिसत होतं की चॅपलचे पाद्रीसुद्धा बघायला आले. ऑक्टोबरात तीन दिवस पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी खालच्या अर्ध्या भागात सीगल येऊन बसले. समुद्र साठ मैल लांब, आणि पन्नासेक पांढरे पक्षी आपल्या गोलखांबांमध्ये संथ तरंगतायत. मला ते इतकं सुंदर वाटलं की मी शिट्टी वाजवून त्यांना हुसकवायला विसरलो. सामने ठरवणाऱ्या लीगच्या माणसांनी मैदानात पाय टाकला, बूट आत राहिला, आणि वर्षभराचे आपले घरचे सामने हलवले. कुठं? मिलगार्थला. तीच बाई, तेच गेट. "या, या, सपाटीवर स्वागत आहे!"

पहिल्या सामन्याला अकरा बस भरून गेल्या. दुसऱ्याला सात. नाताळाच्या आधीच्या सामन्याला मी, माझे दोन भाऊ आणि आपली बँड वाजवणारी चार मंडळी. लोक चिडले नव्हते गं, तेच तर. रविवारी दुपारी दोन वाजता दार उघडून उताराला लागायची पिढ्यानपिढ्यांची सवय होती, त्यात विचार करावा लागत नव्हता. बस पकडायची म्हटल्यावर विचार करावा लागला, आणि विचार केला की माणूस घरी राहतो. कुणी भिंतीला रंग काढला, कुणी कुत्रा पाळला. पुढच्या वर्षी, माझ्या कानावर आलं, संघ रिग लेनला परत आला, मैदान तरीही ओलंच, पण तोवर कुत्र्यांना त्यांच्या फिरायच्या वेळा लागल्या होत्या. मग चांगले खेळाडू गेले, मग बरे गेले. गिरण्या आणि टीव्ही आणि ब्रॉडबेंटसाहेब, सगळं खरं आहे, ते ओझं होतंच. पण ओझ्याखालचा माणूस पाय घसरल्यावर पडतो. आपला पाय त्या पाण्यात घसरला.

आणि पाण्याचा दोष तुझ्या वडिलांच्या माथी आला. क्लबच्या समितीनं म्हटलं, ओढ्याकडचं नळाचं तोंड साफ ठेवणं यांचं काम, यांना सपाटीकरण नको होतं, यांनीच मुद्दाम दुर्लक्ष केलं. सगळा नोव्हेंबर ते त्या गार ओढ्यात गुडघे टेकून नळात काठ्या घालत होते. आत काहीच अडकलेलं नव्हतं, आणि तोंडातून थेंबही येत नव्हता. मी पुलावरून बघायचो. जानेवारीत त्यांना काढलं, आणि नोकरीबरोबर गेटजवळचं घरही गेलं. सामान हलवायला मी आलो होतो. तुझं कपाट आणि तुझ्या आईचं शिवणयंत्र मी एकट्यानं उचललं, आणि तुझे वडील दारात उभे राहून म्हणाले, "बरं झालं तू आहेस, पोरा." फेब्रुवारीत मी गाव सोडलं. तुला म्हटलं, मला एका जागी राहवत नाही. तू रडली नाहीस, नुसतं म्हणालीस, "तुझ्या पायाला भिंगरीच आहे, रसेल, तू तरी काय करणार." मी ते कारण घेतलं आणि निघालो. फुकटात मिळालेलं कारण. अडीच वर्षं मी तेच पांघरून फिरतोय.

आता तो शुक्रवार. ऑगस्टमधला, ज्या दिवशी आपण व्हिट्बीला समुद्रावर गेलो. तुला तो दिवस आवडतो, पत्रातही तू लिहिलंयस, बंधाऱ्याच्या टोकाशी मी गप्प उभा होतो आणि समुद्र दुधासारखा झाला होता, आणि तुला वाटलं होतं मी काहीतरी विचारणार. तुला तो दिवस तसाच ठेवू द्यावा असं फार वाटतं. पण त्या दिवशी सकाळी मी खालच्या कोपऱ्यात, भर धरून ठेवणाऱ्या भिंतीच्या पायाचा चर खणत होतो. तुझ्या वडिलांनी तिथं एक खुंटी ठोकली होती, वर पांढरं फडकं बांधलेलं, आणि आदल्या दिवशी मला बजावलं होतं, "इथं यंत्र घालायचं नाही. फावड्यानं खण, हळू. सगळं मैदान या एका नळातून श्वास घेतं." फावड्यानं खणायला अख्खा दिवस गेला असता. आपली बस दोनला होती. मी खुंटी उपटली, बाजूला टाकली आणि यंत्र घातलं. आवाज फार मोठा नाही झाला, घरात ताट फुटावं तेवढाच. लाल खापऱ्या दिसल्या, आणि त्यांच्यामधून स्वच्छ पाणी, अगदी बारीक, गुणगुणत येणारं. मी थोडा वेळ ते ऐकत बसलो, खरंच सांगतो. मग त्यावर खाणीची राख लोटली, दाबली, आणि तोंड धुऊन बसस्टॉपवर आलो. तू पिवळा झगा घातला होतास.

हेही कदाचित सुधारता आलं असतं. सोमवारी तुझ्या वडिलांनी चहा ओतता ओतता विचारलं, "नळ दिसला का रे?" मी म्हटलं, "दिसला. शाबूत आहे." एवढंच. त्यांनी मान हलवली आणि त्या कोपऱ्यावर आम्ही सात फूट भर टाकली. पुढे समितीपुढे कुणीतरी, मला वाटतं पाद्रीसाहेबांनीच, विचारलं होतं, "वॉल्टर, खोदताना नळ फुटला असेल का?" या एका प्रश्नात त्यांची सुटका होती. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ते म्हणाले, "नाही. पोरानं डोळ्यांनी बघितलाय. तो खोटं बोलणार नाही." स्वतःची सुटका त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिली, आणि मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की त्यांना स्वतःला तर माहीत आहे ना त्यांची चूक नव्हती. लोक काय, बोलतात. पण तू लिहिलंस की हल्ली ते स्वयंपाकघरात बसून मधेच म्हणतात, "तोंड मीच नीट साफ केलं नसेन. वय झालं होतं माझं तेव्हाच." ते वाचलं आणि मला हे लिहायला बसावं लागलं. गावानं त्यांना दोषी धरणं एक, आणि त्यांनी स्वतःला धरणं दुसरं. ग्लेनिस, हे पत्र तुला लिहिलंय पण आहे त्यांचं. व्हिट्बीच्या शुक्रवारपासूनचा भाग त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, काहीही न गाळता, माझी बाजू न घेता. मग वीस तारखेच्या बैठकीत वाच, किंवा पाद्रीसाहेबांना वाचू दे. ओढ्याकडच्या भिंतीपासून नऊ पावलं आत, सात फूट खाली, कुणीही खणून बघावं. माझी सीट पुढच्या रविवारच्या बसमध्ये आहे. लगेच निघता आलं असतं, पण हे माझ्या आधी पोचायला हवं, नाहीतर दारात उभा राहून मी काहीतरी गोड बोलेन आणि अर्धंच सांगेन. तू ओळखतेस मला. त्यांना चिडायला चार दिवस मिळू देत. चौदा तारखेला, मंगळवारी, दुपारी तुमच्या नव्या घराची बेल वाजली तर दार तू उघडू नकोस. त्यांना उघडू दे. किंवा न उघडू दे. मी पायरीवर बसून राहीन, आणि या वेळी कुठं जाणार नाही.

तुझाच, असं अजून लिहिता येत असेल तर,
रसेल